संस्थेच्या घटनेतलं ‘दुरुस्तीचं कलम’ बदलायचा ठराव आला, तर मत कसं ठरवाल?

संस्थेच्या सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत हा विषय बहुधा सातवा किंवा आठवा असतो. वर अहवाल, जमाखर्च, अंदाजपत्रक आणि हिशेब तपासनिसाची नेमणूक. त्याखाली एक कोरडी ओळ: ‘संस्थेच्या घटनेतील कलम २३ मध्ये दुरुस्ती करण्याबाबत विचार करणे.’ कलम २३ मध्ये काय आहे, ते नोटिशीत लिहिलेलं नसतं. नव्या सभासदाला वाटतं, असेल काहीतरी तांत्रिक. घटनेची प्रत काढून पाहिली तर कळतं की या घटनेत बदल कसा करायचा, हे सांगणारं कलम तेच आहे. अध्यक्षांची मुदत, सभासदत्वाच्या अटी, विश्वस्तांची निवड, संस्थेचे उद्देश, सगळ्यांची किल्ली त्या एका कलमात असते.

मराठवाड्यात वाचनालयं, शिक्षण संस्था, साहित्य-नाट्य मंडळं, वसतिगृहं चालवणारे न्यास गावोगाव आहेत. त्यांपैकी बहुतेकांची नोंदणी दुहेरी असते: संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली एक आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली दुसरी. दुसऱ्या नोंदणीचा क्रमांक ‘एफ’ने सुरू होतो. अशा संस्थेचे तुम्ही नुकतेच सभासद झाला असाल आणि असा विषय पुढ्यात आला असेल, तर पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. पतसंस्था, साखर कारखाना, गृहनिर्माण संस्था यांच्याकडे घटनेऐवजी उपविधी असतात आणि कायदा वेगळा लागतो. तो फरक जागोजाग सांगितला आहे.

पहिली पायरी: कागद

सभेच्या आधी पाच कागद हातात पाहिजेत. घटनेची सध्या लागू असलेली प्रत, धर्मादाय कार्यालयातला (जिथे न्यासांची नोंद असते) परिशिष्ट एकचा, म्हणजे तिथल्या नोंदवहीतला तुमच्या संस्थेचा उतारा (लोक त्याला ‘शेड्यूल वन’ म्हणतात), प्रस्तावित दुरुस्तीचा शब्दशः मजकूर, मतदानाला पात्र सभासदांची यादी आणि मागच्या पाच वर्षांचं सर्वसाधारण सभांचं हजेरी रजिस्टर.

घटनेची प्रत कार्यालयातल्या कपाटातली घेऊ नका, धर्मादाय कार्यालयातली प्रमाणित प्रत काढा. कपाटातल्या प्रतीत पूर्वी कधीतरी सभेत मंजूर झालेली, पण पुढे नोंदलीच न गेलेली दुरुस्ती टाइप करून घातलेली असू शकते. मग ‘जुनं कलम’ म्हणून जे वाचून दाखवलं जातं, ते कायद्याच्या दृष्टीने जुनं कलम नसतंच.

जुन्या संस्थांमध्ये आणखी एक पेच असतो. १९४८ पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात संस्थांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा होता, फसली १३५० चा. (फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन साधारण निघतो, म्हणजे १९४०-४१.) त्या काळातल्या संस्थेचा मूळ कागद उर्दूत असू शकतो आणि मराठी घटना म्हणजे त्याचं नंतर केलेलं भाषांतर. ‘हजर सभासद’ आणि ‘एकूण सभासद’ यांतला फरक अशा भाषांतरात सहज पुसला जातो, आणि इथे सगळा प्रश्न त्याच फरकाचा आहे. शंका असेल तर कोणती प्रत अधिकृत धरायची, हे सचिवांना लेखी विचारा आणि पोच घ्या.

प्रस्तावित मजकूर मिळत नसेल, ‘सभेत वाचून दाखवू’ असं उत्तर येत असेल, तर तेवढ्या एका कारणावर विषय पुढे ढकलायची मागणी करणं रास्त आहे. ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात तर घटनादुरुस्ती बसूच शकत नाही. जो सभासद आला नाही, त्याला काय बदलणार होतं हे कळायला वाव राहत नाही.

दुसरी पायरी: छेद कोणता?

दुरुस्तीच्या कलमात ‘दोन तृतीयांश’ हा शब्द मोठा दिसतो. त्याच्यापुढे काय लिहिलंय, ते आधी पाहा. कशाचे दोन तृतीयांश? तीन शक्यता असतात: एकूण सभासदांचे, हजर सभासदांचे, किंवा हजर राहून मतदान करणाऱ्यांचे.

समजा सभेला ९० जण आहेत. ५० बाजूने, २५ विरोधात आणि १५ जण गप्प. ‘हजर सभासदांच्या दोन तृतीयांश’ अशी अट असेल तर ६० मतं लागतात, म्हणजे ठराव पडला. ‘हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या’ असं असेल तर मतं पडली ७५, त्यांचे दोन तृतीयांश ५०, ठराव मंजूर. हात तेवढेच वर झाले, निकाल उलटा लागला. पहिल्या पद्धतीत तटस्थ राहणं म्हणजे विरोध करणं. दुसऱ्या पद्धतीत तटस्थ माणूस हिशेबातूनच जातो. ‘आपण कशाला वाईट व्हा’ म्हणून हात खाली ठेवणाऱ्यांनी निदान आपण कोणत्या पद्धतीत बसलोय हे बघावं.

भारताच्या संविधानाने हा प्रश्न दोन अटी एकत्र घालून सोडवला आहे. अनुच्छेद ३६८ प्रमाणे प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचं बहुमत हवं, आणि शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश. ५४३ जणांच्या लोकसभेत ३६० जणांनी मतदान केलं तर दोन तृतीयांश होतात २४०, पण तेवढ्याने भागत नाही. पहिल्या अटीसाठी २७२ लागतातच. सभागृह अर्धं रिकामं असताना संविधान बदलता येऊ नये, म्हणून ही दुहेरी अट. तुमच्या संस्थेच्या कलमात अशी तळाची अट आहे का, आणि नव्या मसुद्यात ती राहते का, हे तपासा.

अपूर्णांकाचं काय करायचं, हेही कलमात असायला हवं. क्षुल्लक वाटतं, पण सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करणारं घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत याच कारणाने पडलं. बाजूने १४९, विरोधात ७५. एकूण २२४ मतांचे दोन तृतीयांश होतात १४९.३३. एक तृतीयांश मत कमी पडलं. तिथे नियमाबद्दल वाद नव्हता. वाचनालयाच्या सभेत मात्र ‘एकशे एकोणपन्नास म्हणजे झालंच की’ असं म्हणून घोषणा होते आणि खटला दहा वर्षं चालतो.

संस्थेचे उद्देशच बदलायचे असतील किंवा संस्था दुसरीत विलीन करायची असेल, तर १८६० च्या कायद्याचं कलम १२ लागू होतं आणि तुमच्या घटनेने त्याहून सोपी वाट ठेवता येत नाही. प्रस्तावाचा लेखी किंवा छापील अहवाल विशेष सभेच्या १० दिवस आधी सभासदांना पोचवायचा, त्या सभेत सभासदांची तीन पंचमांश मतं मिळवायची आणि एक महिन्याच्या अंतराने बोलावलेल्या दुसऱ्या विशेष सभेत हजर असलेल्यांच्या तीन पंचमांश मतांनी पुन्हा पक्कं करायचं. पहिल्या सभेत प्रतिनिधीमार्फतही मत देता येतं. मधला महिना ही या कलमातली सगळ्यात शहाणी गोष्ट आहे. नोटीस न मिळालेल्याला तेवढ्यात बातमी लागते.

सहकारी संस्थेत उपविधी दुरुस्तीला हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांशांची अट महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ मध्येच घातलेली आहे. तिथे एका सभासदाला एकच मत, शेअर कितीही असोत, आणि प्रतिनिधीमार्फत मतदान चालत नाही.

तिसरी पायरी: माणसं मोजा

आता अपूर्णांक बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. मत ठरवायला सगळ्यात जास्त उपयोग याच पायरीचा होतो आणि नेमकी हीच कोणी करत नाही.

धरा, संस्थेचे ६०० सभासद आहेत, नियामक मंडळ १५ जणांचं. जुनं कलम: एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश. म्हणजे ४०० माणसं. नवा मसुदा: हजर सभासदांच्या दोन तृतीयांश, कोरम (सभेला कमीत कमी लागणारी हजेरी) एक दशांश. कोरम ६०, त्यांचे दोन तृतीयांश ४०. तिथेच थांबू नका. कोरमच्या कलमाखाली आणखी एक ओळ असते: ‘कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस कोरमची आवश्यकता राहणार नाही.’ तहकूब सभेला २५ जण उरले तर लागतात १७. नियामक मंडळ १५ चं. म्हणजे मंडळ आणि त्यांना सोडायला आलेले दोन जण मिळून घटना बदलू शकतात.

या हिशेबातून दोन कसोट्या निघतात. कमीत कमी किती माणसांत घटना बदलता येईल, तो आकडा काढा आणि नियामक मंडळाच्या संख्येशी ताडून पाहा. तो मंडळाच्या आसपास येत असेल तर सर्वसाधारण सभेचा अधिकार मंडळाकडे जातोय, शब्द काहीही असोत. मग उलट बाजूने बघा. लागणारी संख्या हजेरी रजिस्टरमधल्या पाच वर्षांतल्या सर्वांत मोठ्या हजेरीशी ताडा. मोठ्यात मोठी हजेरी २१० असेल आणि कलम ४०० मागत असेल, तर ही घटना कोणालाच बदलता येत नाही, चांगल्या कामासाठीसुद्धा नाही. मग लोक कलम न बदलता ते पाळणंच सोडून देतात, आणि तो सवयीचा भाग होतो. या दोन आकड्यांच्या मध्ये जे बसतं, ते बहुधा मत देण्याजोगं असतं. एकूण सभासदांपैकी एक तृतीयांश हजर हवेत आणि त्यांचे दोन तृतीयांश बाजूने, असं लिहिलं तर २०० हजर आणि १३४ मतं. अवघड आहे, पण होऊ शकतं. (१३३.३३ येतात, म्हणून १३४. वरचा तनख्यांचा किस्सा आठवा.)

पुढे मेख आहे ती सभासद यादीची. ‘संख्या कधी भरतच नाही, म्हणून अट सैल करू’ असं कारण दिलं जातं, तेव्हा सैल असते ती यादी. तीस वर्षांपूर्वीचे आजीव सभासद, त्यांतले किती हयात आहेत कुणाला ठाऊक नाही. नोकरीसाठी पुण्याला गेलेले, पत्ता जुनाच. ६०० ची यादी साफ केली तर ३८० भरतील आणि त्यांचे दोन तृतीयांश २५४ होतील. वर्गणीचे सभासद असतील तर १८६० च्या कायद्याचं कलम १५ फार उपयोगी पडतं: ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे, त्याला मत नाही आणि त्या कायद्याखालच्या कामकाजात तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. म्हणजे छेदातूनही वजा होतो. आधी यादी साफ करा, मग अट बदलायची का ते बघू, असं उत्तर अशा वेळी द्यायला हवं. उलटा प्रकारही होतो. सभेच्या दोन महिने आधी एकाच पत्त्यावर वीस-वीस नवे सभासद झालेले दिसतात. म्हणून यादीत प्रवेशाची तारीख पाहा.

चौथी पायरी: या किल्लीने कोणती दारं उघडतात

दुरुस्तीचं कलम स्वतःसाठी काही मागत नाही, ते दुसऱ्या कशासाठी तरी बदललं जातं. म्हणून विषयपत्रिकेतला पुढचा विषय वाचा. विषय ७: दुरुस्तीचं कलम. विषय ८: पदाधिकाऱ्यांची मुदत तीनवरून पाच वर्षं. किंवा विश्वस्त तहहयात. दोन्ही एकाच सभेत असतील तर प्रश्न असा विचारा: विषय ८ चं मतदान जुन्या अटीने होणार की पाच मिनिटांपूर्वी मंजूर झालेल्या नव्या अटीने? उत्तर जुन्याच अटीने असं यायला हवं आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यायला हवं. सहकारी संस्थेत तर वादच नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १३ प्रमाणे निबंधकांकडे नोंद होईपर्यंत उपविधीतली दुरुस्ती वैधच नसते.

दुसरी खोच जास्त बारीक आहे. काही घटनांमध्ये उद्देशांना किंवा मालमत्तेच्या विक्रीला तीन चतुर्थांशाचं संरक्षण असतं, पण ते संरक्षण ज्या कलमात लिहिलंय, ते कलम साध्या बहुमताने बदलता येतं. म्हणजे तिजोरीला कुलूप आणि किल्ली बाहेर खुंटीला. आधी साध्या बहुमताने ‘तीन चतुर्थांश’ खोडायचे, मग साध्या बहुमताने जमीन विकायची. संविधानकर्त्यांनी ही फट बुजवली. ज्या तरतुदी बदलायला निम्म्याहून कमी नाहीत इतक्या राज्यांच्या विधानमंडळांची संमती लागते, त्या यादीत अनुच्छेद ३६८ स्वतःही आहे. आपल्या घटनेत असं वाक्य नसेल तर उपसूचना म्हणून हे मांडा: ‘या कलमात दुरुस्ती करण्यासाठी लागणारे बहुमत, या घटनेतील कोणत्याही कलमाच्या दुरुस्तीसाठी लागणाऱ्या सर्वाधिक बहुमतापेक्षा कमी असणार नाही.’

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तर ३६८ मध्येच दोन उपकलमं घालून घटनादुरुस्तीला कोर्टात आव्हानच देता येणार नाही असं केलं होतं. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती दोन्ही रद्द केली. संस्थेच्या मसुद्यातही कधी कधी ‘याबाबत नियामक मंडळाचा निर्णय अंतिम राहील’ अशी शेपटी असते. ती दिसली की बाकी मसुदा कितीही चांगला असला तरी थांबा.

अट वाढवायचा प्रस्ताव आला तर?

दोन तृतीयांशावरून तीन चतुर्थांश, असं आलं की लोकांना बरं वाटतं. ‘संस्था सुरक्षित होतेय.’ असेलही. पण आधी हे बघा की आज घटनेत जे लिहिलंय, ते गोठवून कुणाला काय मिळतंय. मागच्याच वर्षी तहहयात पदं तयार झाली असतील आणि यंदा अट वाढवायची असेल, तर ते आपण आत आल्यावर आतून कडी लावण्यासारखं आहे. यासाठी साधी कसोटी आहे. जो ठराव पुढे तीन चतुर्थांशाची सक्ती करणार आहे, त्याला आज तीन चतुर्थांश मतं मिळताहेत का? आज ६७ टक्क्यांवर निसटता मंजूर होऊन उद्याच्या लोकांकडे ७५ टक्के मागणं बरोबर नाही.

आणि पॅनलची अदलाबदल करून बघा. हीच अट, पण खुर्चीवर समोरचं पॅनल. तरीही तुम्ही हात वर कराल का? नाही म्हणत असाल तर तुमचा पाठिंबा नियमाला नव्हे, माणसांना आहे. मराठवाड्यात पॅनल दर निवडणुकीला बदलतात, कलमं मात्र चाळीस-चाळीस वर्षं राहतात.

पाचवी पायरी: तारीख बघा

तारीख निव्वळ सोयीची बाब वाटते, पण कोरमचा निकाल तीच लावते. लातूर, धाराशिव भागात वेळ अमावस्येला, म्हणजे आपल्या येळवसेला, माणूस शेतात असतो. त्या दिवशी गावात सभा ठेवणं म्हणजे कुणी येऊ नये अशी व्यवस्था करणं. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत बायकांना घराबाहेर पडता येत नाही. सोयाबीनच्या काढणीत शेतकरी सभासद येत नाहीत. बीड जिल्ह्यात तर दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेली माणसं उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सभासदांत तोडणी मजूर असतील आणि विशेष सभा जानेवारीत असेल, तर यादीतला मोठा भाग आपोआप गैरहजर. तारीख अशी असेल तर नोटीस मिळाल्याबरोबर लेखी हरकत द्या. सभा होऊन गेल्यावर ही तक्रार कुणी मनावर घेत नाही.

नोटिशीची मुदत घटनेत पाहा आणि स्वच्छ दिवस मोजा, म्हणजे नोटीस मिळालेला दिवस आणि सभेचा दिवस सोडून मधले. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो ही नोटीस धरायची का, ते घटनेत काय लिहिलंय त्यावर. ‘टपालाने’ असं लिहिलं असेल तर टपालानेच.

मग मत कुठे?

‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच दोन पर्याय आहेत असं समजून लोक अडकतात. प्रत्यक्षात चार आहेत: बाजूने, विरोधात, उपसूचनेसह बाजूने, आणि विषय दुरुस्त मसुद्यासह पुढच्या सभेत आणावा अशी मागणी. मसुद्यात तीन बदल एकत्र बांधले असतील (अट, कोरम, तहकूब सभा) तर ते सुटे करून वेगवेगळं मतदान मागा. गाठोड्यात एक चांगली वस्तू आणि दोन वाईट, हा जुना प्रकार आहे.

मसुदा दोन कसोट्यांच्या मध्ये बसतो, स्वतःला संरक्षण देतो, लगेच वापरला जाणार नाही, यादी साफ आहे: बाजूने मत द्या, अट आधीपेक्षा सैल होत असली तरी. लागणारी माणसं मंडळाइतकीच उरतात: विरोध करा, कारण कितीही गोड असलं तरी. नेहमी दिलं जाणारं कारण म्हणजे ‘शासनाला तातडीने बदल हवाय’. कोणत्या परिपत्रकाने, कोणत्या कलमात, ते दाखवायला सांगा. एका कलमातल्या एका बदलासाठी दुरुस्तीचं कलमच सैल करायची गरज नसते.

सहावी पायरी: सभेत

हजेरी रजिस्टरवर सही करून बाहेर चहाला गेलात तरी तुम्ही ‘हजर’ धरले जाता, म्हणजे कोरम तुमच्या सहीने भरतो आणि ठराव तुमच्याशिवाय होतो. घरी आणलेल्या रजिस्टरवर, आधी किंवा नंतर, सही करू नका. शिपाई ओळखीचा असतो, ‘भाऊ, तेवढी सही’ म्हणतो. त्याला नाही म्हणणं जड जातं हे खरं, पण बोगस हजेरीचा पुरावा म्हणून पुढे नेमकी तीच सही कोर्टात उभी राहते.

विषय आला की उभं राहून एवढंच म्हणा: ‘अध्यक्ष महोदय, या विषयावर मतमोजणी घ्यावी. हजर, बाजूने, विरोधात आणि तटस्थ असे चारही आकडे इतिवृत्तात लिहावेत.’ ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज झाला आणि टाळ्या वाजल्या की इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ पडतं, आणि घटनादुरुस्तीला लागणारं विशेष बहुमत सिद्ध करायला कुणाकडेच आकडा नसतो. हा आग्रह प्रस्ताव आणणाऱ्यांच्याही हिताचा आहे, हे सांगायला विसरू नका. संस्थेतले शिक्षक, कर्मचारी सभासद असतील तर गुप्त मतदान मागा. ज्याची वेतनवाढ अध्यक्षांच्या सहीने होते, त्याने त्यांच्यासमोर हात वर करून विरोध करावा ही अपेक्षा फाजील आहे.

विरोध असेल तर तोंडी बोलून थांबू नका. चार ओळींचं पत्र आधीच तयार ठेवा: सभेची तारीख, विषय क्रमांक, ‘माझा विरोध नोंदवावा’ आणि एक कारण. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या.

प्रक्रिया चुकली की चांगली दुरुस्तीही पडते, याचं मोठं उदाहरण सहकारातलंच आहे. २०११ ची सत्याण्णवावी घटनादुरुस्ती संसदेत मंजूर झाली, पण राज्यांच्या विषयाला हात घालत असूनही तिला निम्म्या राज्यांची संमती घेतली नव्हती. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहकाराचा तो भाग राज्यांतल्या संस्थांपुरता रद्द ठरवला, फक्त बहुराज्यीय संस्थांपुरता ठेवला. मजकूर बरा की वाईट, हा प्रश्न तिथे आलाच नाही.

सभेनंतर

न्यासाच्या बाबतीत बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यायचा असतो, १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे. त्याची चौकशी होते आणि तुम्हाला तिथे हरकत घेता येते. हरकतीत ‘अन्याय झाला’ असं लिहून उपयोग नाही. नोटीस किती दिवसांची, हजर किती, मतं किती, घटनेप्रमाणे लागत होती किती, हे चार आकडे लिहा आणि पोच घेतलेली पत्रं जोडा. अर्ज दाखल झालाय का हे महिन्या-दोन महिन्यांनी स्वतः जाऊन पाहा. दाखल मसुदा आणि सभेत वाचलेला मसुदा शब्दाला शब्द ताडा. ‘व’ च्या जागी ‘किंवा’ झालं तरी कोरमची अट ऐच्छिक होते.

शेवटची जागा बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. पुढच्या सभेचा पहिला विषय असतो ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. अर्धे लोक तोवर आलेले नसतात आणि तो दोन मिनिटांत संपतो. तुमच्या ठरावाचे आकडे तिथे कायम होतात. त्या दिवशी वेळेवर जा आणि मागच्या सभेत टिपलेली चार आकड्यांची चिठ्ठी बरोबर न्या.